एलईडी-पर्ससीनविरोधी लढ्याचा अभ्यास करायचाय? मग या क्रमाने करा

कोकणातले छोटे मच्छीमार पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं लढतायत. दर हंगामात कुणी विद्यार्थी, पत्रकार नाहीतर एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता मालवण किंवा रत्नागिरीला येतो. दोन दिवस राहतो, संघटनेच्या अध्यक्षांची मुलाखत घेतो, जेटीवर फोटो काढतो आणि परत जाऊन "पारंपरिक विरुद्ध आधुनिक" असा अहवाल लिहितो. हा मथळाच चुकीचा आहे आणि पुढचे सगळे निष्कर्ष त्याच्यामुळे वाकडे होतात. गिलनेटवाल्याच्या, म्हणजे मासा कल्ल्याशी अडकेल असं उभं जाळं लावणाऱ्याच्या, होडीवर जीपीएस असतं, पुष्कळांकडे फिश फाइंडर असतो, जाळं नायलॉनचं असतं आणि मागे इंजिन असतं. वेगवान गस्तीनौका द्या, ही मागणी वर्षानुवर्षं हेच मच्छीमार करत आलेत. त्यांचा विरोध यंत्राला नाही. अमुक जाळं, अमुक दिवा, अमुक पाण्यात, अमुक महिन्यात नको, असं त्यांचं म्हणणं आहे. तुमचा अभ्यास तितका नेमका नसेल, तर तो त्यांच्या उपयोगाचा नाही आणि खरं तर कुणाच्याच नाही.

दुसरी चूक क्रमाची. लोक आधी माणसांना भेटतात, मग कागद शोधतात आणि तंत्र समजून घ्यायचं राहूनच जातं. खालचा क्रम बरोबर उलटा आहे: तंत्र, कायदा, कागद, मग माणसं. दाभोळच्या खाडीतलं रासायनिक सांडपाणी असो की जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, क्रम हाच चालतो. इथे उदाहरण मात्र एकच घेतलंय, कारण बारकावे एका विषयातच नीट दाखवता येतात.

टप्पा १: ज्याला विरोध आहे ते तंत्र आधी कागदावर काढा

पर्ससीन जाळं माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात. खालच्या कडेला कड्या असतात आणि त्यांतून एक दोर ओवलेला असतो. दोर ओढला की तळ बटव्यासारखा आवळतो आणि आतला थवा, लहान-मोठा सगळा, वर येतो. बांगडा, तारली असे थव्याने फिरणारे मासे यात सापडतात.

एलईडीचं काम वेगळं आहे. जनरेटरवर चालणारे प्रखर दिवे पाण्यावर किंवा पाण्याखाली सोडतात. उजेडाकडे आधी बारीक जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे आणि त्यांच्यामागे मोठे. सगळं एका जागी गोळा झालं की जाळं टाकतात. पुष्कळदा दिव्यांची बोट वेगळी असते आणि जाळ्याची वेगळी. ही गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवा. गस्तीनौका पोचते तेव्हा एका बोटीवर जाळं नसतं आणि दुसरीवर दिवे नसतात, म्हणून पुढे सुनावणीत काय सिद्ध होतं आणि काय निसटतं हे कळायला हीच गोष्ट उपयोगी पडते.

रापण तिसरीच. ती किनाऱ्यावरून ओढतात. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर माणसांनी वाळूवरून खेचायचे. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा. थवा किनाऱ्यापर्यंत आलाच नाही तर रापणीला काहीच नाही. ती माशाच्या मागे जाऊ शकत नाही. रापणकराचा राग गिलनेटवाल्याच्या रागापेक्षा वेगळा का, हे इथे उमगतं.

चौथी गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणाऱ्या वेगवान बोटी, विशेषतः कर्नाटकातल्या मलपीकडच्या. सिंधुदुर्गात जो तंटा तुम्हाला "एलईडीचा" म्हणून सांगितला जाईल, तो कधी कधी या ट्रॉलरचा असतो.

तपासा: प्रत्येक घटनेपुढे एक रकाना करा आणि त्यात पर्ससीन, एलईडी, हायस्पीड ट्रॉलर, मिनी पर्ससीन (लहान पर्ससीन) यांपैकी नेमकं काय ते लिहा. ठरवता येत नसेल तर "अस्पष्ट" लिहा. अंदाजाने भरू नका.

टप्पा २: कायद्याच्या रेघा नकाशावर मारा

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, मासेमारीचं नियमन राज्याकडे आहे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात केंद्राकडे. सगळा वाद या एका रेघेभोवती फिरतो, त्यामुळे ती नकाशावर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राज्याचा मूळ कायदा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. पर्ससीनच्या प्रश्नावर डॉ. सोमवंशी समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. राज्याच्या हद्दीत पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ मिळाला, परवान्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि किनाऱ्याचे पट्टे पाडून अटी घातल्या गेल्या. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने आर्थिक क्षेत्रातही एलईडी आणि तत्सम कृत्रिम प्रकाशाच्या मासेमारीवर आणि बुल ट्रॉलिंगवर (दोन बोटींनी मिळून एकच जाळं ओढण्यावर) बंदी घातली. म्हणजे "१२ मैलांबाहेर एलईडी चालतं" हे वाक्य कुणीही कितीही ठामपणे सांगितलं तरी खरं नाही. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले आणि एलईडीसाठी तो ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत गेला. पूर्वी ही प्रकरणं तहसीलदारांपुढे चालत. दुरुस्तीनंतर ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांपुढे चालतात. याखेरीज १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते.

या तारखा भिंतीवर लावा. मुलाखतीत माणूस सांगतो, "आम्ही तेव्हा जेटी बंद केली होती." तेव्हा म्हणजे २०१६ च्या आदेशाआधी की नंतर? आधी असेल तर मागणी कायदा करण्याची होती. नंतर असेल तर केलेला कायदा अमलात आणण्याची. हे दोन वेगळे लढे आहेत. बहुतेक अहवाल ते एकत्र कालवतात.

सावध: आदेश नेहमी मूळ प्रतीतून वाचा. बातमीत "पर्ससीनवर बंदी" असं छापून येतं आणि आदेशात हंगाम, पट्टा, खोली, जाळ्याचा आस (भोकाचा आकार) अशा अटी असतात. बातमीवर विसंबून मुलाखतीला गेलात तर समोरचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, दोन प्रश्नांत ओळखतो की याला काही माहीत नाही. मग तो वर्तमानपत्रात येतं तेवढंच बोलतो.

टप्पा ३: कागद गोळा करा, माणसांना भेटण्याच्या दोन महिने आधी

याला वेळ लागतो म्हणूनच तो आधी सुरू करायचा. माहिती अधिकारातल्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि उत्तर अर्धवट आलं तर पहिल्या अपिलात आणखी वेळ जातो.

अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने करा. सिंधुदुर्गचं हे कार्यालय मालवणला आहे, रायगडचं अलिबागला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लोक तीन पानी अर्ज लिहितात, त्यात आंदोलनाचा इतिहास सांगतात, "कारवाई का केली नाही" असं विचारतात आणि अर्ज परत आला की कार्यालयाला दोष देतात. माहितीच्या अधिकारात उपलब्ध कागद मागायचा असतो. "का" चं उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही.

असं लिहा:

"दि. १ ऑगस्ट २०२२ ते ३१ जुलै २०२५ या काळात आपल्या कार्यालयाने महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली नौकांवर दाखल केलेल्या प्रकरणांची यादी मिळावी. यादीत पुढील तपशील असावा: कारवाईची तारीख, ठिकाण व नोंद असल्यास अक्षांश-रेखांश, मासेमारीचा प्रकार, नौकेवर आढळलेले साहित्य, निकालाची तारीख, ठोठावलेला दंड, प्रत्यक्ष वसूल झालेला दंड व वसुलीची तारीख. तसेच या काळातील गस्तीनौकेच्या लॉगबुकची छायांकित प्रत मिळावी."

यातले दोन शब्दप्रयोग मुद्दाम घातलेत. "ठोठावलेला" आणि "वसूल झालेला" हे वेगळे मागितले नाहीत, तर एकच आकडा येतो आणि तो बहुधा मोठा असतो. आणि "आढळलेले साहित्य" मागितलं नाही, तर दिव्यांची बोट कोणती आणि जाळ्याची कोणती हे कधीच कळत नाही. वर्ष जानेवारीपासून धरू नका, १ ऑगस्टपासून धरा, कारण हंगाम तिथून सुरू होतो. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली आहे. ड्रोनच्या उड्डाणांच्या आणि त्यातून झालेल्या प्रकरणांच्या नोंदी वेगळ्या अर्जाने मागा.

माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं हे त्यांचंच काम आहे. "आमच्याकडे नाही" एवढ्यावर परतू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. ते फुकट जात नाही, पुष्कळदा उत्तर त्यानंतरच येतं.

बाकी कागद असे:

मच्छीमार सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही. लढ्याचा खरा इतिहास इथे असतो. मोर्चाच्या सहा महिने आधी सभेत कुणीतरी ठराव मांडलेला असतो, त्यावर मतभेद झालेले असतात आणि कधी ठराव पडलेलाही असतो. वहीला हात लावण्याआधी चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांची परवानगी घ्या. पानांचे फोटो त्यांनी हो म्हटलं तरच काढा.

निवेदनांच्या पोचपावत्या. कोकणातला कुठलाही लढा आधी निवेदनांतून जातो: तहसीलदार, जिल्हाधिकारी, मत्स्यव्यवसाय, बंदर खातं, पोलीस. जुन्या पदाधिकाऱ्यांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत शिक्क्यांच्या प्रती जपलेल्या असतात. तारखेप्रमाणे लावा. एकच मागणी किती कार्यालयांतून फिरली हे तो गठ्ठाच दाखवतो.

वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या. इंटरनेटवर सापडतं ते फार थोडं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तालुक्याच्या गावांतही जुनी वाचनालयं आहेत. तिथे बांधीव फायली आहेत का, विचारा.

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातले प्रबंध आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मासेउताऱ्याचे (किनाऱ्यावर उतरवलेल्या मासळीचे) वार्षिक अंदाज. यांचं काम आठव्या टप्प्यात येईल.

तपासा: हातात किमान एक घटनाक्रम तयार आहे का? वर्ष, ठिकाण, जाळ्याचा प्रकार, कोणी काय केलं, पुरावा कुठला. पाच रकाने. तो अर्धा भरल्याशिवाय मुलाखतींना निघू नका.

टप्पा ४: कुणाला काय धोका आहे ते ठरवा

हा टप्पा मुलाखतींच्या आधी आहे आणि तो तिथेच हवा. पुष्कळजण अहवाल लिहून झाल्यावर नावं बदलायला बसतात. तोवर नावं फोनमध्ये, ऑडिओत आणि व्हॉट्सॲपवर पसरलेली असतात.

समुद्रात बोटी अडवणं, घेराव, जेटीवरची झटापट यांतून लोकांवर गुन्हे दाखल झालेले असतात आणि काही खटले वर्षानुवर्षं चालतात. संशोधकाच्या वहीला आपल्याकडे कुठलंही कायदेशीर संरक्षण नाही. ती मागवली जाऊ शकते. म्हणून ज्याची तुम्हाला गरज नाही ते लिहूच नका. "रात्री बोटी अडवल्या" ही माहिती पुरेशी आहे. पहिला दोर कुणी टाकला, हे तुम्हाला कशाला हवं? कुणी सांगायला लागलाच तर रेकॉर्डर बंद करा आणि तसं मोठ्याने सांगा.

खलाशाचा धोका वेगळा. तो मालकाच्या बोटीवरच झोपतो, मालकाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामाचा हिशोब शेवटी होतो. त्याचं नाव फुटलं तर पोलीस येत नाहीत, त्याचा हिशोब अडतो.

नावांची यादी आणि मुलाखती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मुलाखतीवर फक्त खूण असावी: "र-३", "ग-७". बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक ही माणसाच्या नावाइतकीच मोठी ओळख असते, तेही झाका. फोटोत मागे बोटीचं नाव दिसतंय का, ते पाहा. गावात अमुक रंगाची होडी एकाचीच असते हेही लक्षात असू द्या.

संमती एकदा घेऊन संपत नाही. बोलण्याआधी घ्या, बोलून झाल्यावर "यातलं काय वगळू?" असं विचारा आणि छापण्याआधी पुन्हा दाखवा.

टप्पा ५: तिथी बघून जा

एलईडीचा उजेड काळोख्या रात्री काम करतो. पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशात त्याचा प्रभाव कमी होतो. तुम्ही पौर्णिमेला गेलात तर समुद्र शांत दिसेल आणि "तक्रारी अतिरंजित आहेत" असं वाटेल. अमावास्येच्या आठवड्यात गेलात तर उलट. दोन्ही वेळा जा आणि वहीत तारखेबरोबर तिथी लिहा. मच्छीमार घटना तिथीने आणि सणाने सांगतात: "नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या काळोखात." कॅलेंडर जवळ असलं की तारीख काढता येते.

हंगामही पाळा. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायचं काम चालू असतं आणि लोकांना वेळ असतो. लांब, निवांत मुलाखतींचा काळ तो. सप्टेंबर ते डिसेंबर प्रत्यक्ष पाहण्याचा. जानेवारी ते मे तक्रारींचा, कारण राज्याच्या हद्दीत तेव्हा पर्ससीन नसायला हवी.

किनाऱ्यावरून दिवे दिसले की लगेच "१२ मैलांच्या आत" असं लिहू नका आणि ती तक्रार झटकूनही टाकू नका. थोडं गणित करा. वाळूवर उभ्या माणसाला, पृथ्वीच्या वक्रतेमुळे, बोटीवर पाच-सात मीटर उंचीवर लावलेला दिवा साधारण १३ ते १५ किलोमीटरपर्यंतच थेट दिसू शकतो. १२ मैल म्हणजे २२ किलोमीटर. म्हणजे वाळूवरून दिव्याचा ठिपका स्पष्ट दिसत असेल, तर बोट हद्दीच्या आत असण्याचीच शक्यता जास्त. पण तुम्ही सड्यावर (किनाऱ्यालगतच्या कातळी पठारावर) किंवा किल्ल्यावर, साठ मीटर उंचीवर उभे असाल, तर तोच दिवा ३५ किलोमीटरवरूनही दिसेल. आणि ठिपका न दिसता आभाळात नुसती उजळी दिसत असेल तर अंतराबद्दल काहीच सांगता येत नाही. कुठे उभे होता, किती उंचीवर, ठिपका की उजळी, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीत हव्यात.

मच्छीमारांनी काढलेले व्हिडिओ मिळतील. व्हॉट्सॲपवर फिरलेली फाईल पुरावा म्हणून फार लंगडी असते, तिच्यातून मूळ वेळ आणि ठिकाण गेलेलं असतं. ज्याने काढला त्याच्या फोनमधली मूळ फाईल मागा. पुढच्या वेळी व्हिडिओ काढाल तेव्हा आधी जीपीएसच्या पडद्यावर कॅमेरा धरा, मग समुद्रावर, मध्ये न तोडता, असं त्यांना सुचवा. एवढ्याने तोच व्हिडिओ सुनावणीत उभा राहू शकतो.

सावध: खोली "वाव" मध्ये सांगतात. एक वाव म्हणजे सुमारे १.८३ मीटर. "दहा वाव पाण्यात" म्हणजे साधारण १८ मीटर खोली. हे किनाऱ्यापासूनचं अंतर नव्हे. वाव आणि मैल यांची गल्लत झाली की संपूर्ण नोंद निकामी होते.

टप्पा ६: भेटींचा क्रम

अध्यक्षांना पहिल्या दिवशी नमस्कार करून या, कारण परस्पर गावात फिरणं बरं दिसत नाही. मुलाखत मात्र शेवटी घ्या. शंभर वेळा माध्यमांना सांगून त्यांचं उत्तर घट्ट झालेलं असतं. तुम्ही ते आधी ऐकलंत तर पुढची प्रत्येक मुलाखत त्याच चौकटीत ऐकाल.

सुरुवात मासळी विकणाऱ्या बायकांपासून करा. माल कमी झाला, बारीक झाला, लिलावात भाव कुणी पाडला, हे त्यांना रोज कळतं. हर्णेच्या लिलावात किंवा मालवणच्या बाजारात उभं राहून फक्त पाहा. लिलाव चालू असताना प्रश्न विचारू नका, त्यांचा धंदा मोडतो. दुपारी, पाटी रिकामी झाल्यावर बसा. "मावशी, दोन वर्षांमागे या दिवसांत पाटीत काय असायचं?" एवढ्याने सुरुवात पुरते. विरोधाचे कितीतरी प्रकार त्यांच्याकडूनच कळतात: कुणाचा माल उचलायचा नाही हे आपसांत ठरवणं, मोर्च्याच्या दिवशी बाजार बंद ठेवणं, अटक झालेल्यांच्या घरी धान्य पोचवणं. यातलं काहीच वर्तमानपत्रात येत नाही.

मग रापणकर आणि छोट्या होड्यांचे तांडेल. मग खलाशी.

खलाशांना वगळणं ही या विषयातली सर्वांत मोठी चूक आहे असं माझं ठाम मत आहे. रत्नागिरीच्या मोठ्या बोटींवर नेपाळचे, कर्नाटकचे, उत्तर प्रदेशचे खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. एलईडीच्या बोटीवर रात्रभर जागणारा, जनरेटरच्या आवाजात आणि त्या झोतासमोर उभा राहणारा कामगार तोच. त्यालाही काही वाटत असतं. तो मोर्चात येत नाही. तो हंगामाच्या मध्येच बोट सोडतो, दुसऱ्या बंदराला जातो, गावच्या माणसांना "त्या बोटीवर जाऊ नका" असं सांगतो. कामगाराचा विरोध असा असतो आणि तो शोधावा लागतो. मिरकरवाड्यासारख्या बंदरात बोटीवर चढून त्यांना गाठू नका. जेटीबाहेर, चहाच्या टपरीवर, मोबाईल रिचार्जच्या दुकानापाशी, सुट्टीच्या दिवशी बोला. नेपाळी जाणणारा दुभाषा लागेल, पण तो मालकाच्या ओळखीचा नसावा.

त्यानंतर पर्ससीनचे मालक. त्यांना न भेटता केलेला अभ्यास अर्धाच. ते बाहेरचे कुणी उद्योगपती नाहीत, पुष्कळजण याच मच्छीमार समाजातले आहेत. डोक्यावर कर्ज आहे. "चार महिन्यांत हप्ता कसा फिटायचा?" हा त्यांचा प्रश्न खरा आहे. एकाच घरात भाऊ गिलनेटवर आणि पुतण्या पर्ससीनवर अशी उदाहरणं सापडतील. गाव दोन तटांत सरळ विभागलेलं नसतं, आणि आंदोलन कधी तापतं, कधी अचानक थंडावतं, याचं कारण कित्येकदा या नात्यांतच असतं.

सर्वांत शेवटी अधिकारी आणि अध्यक्ष. तोवर तुमच्याकडे विचारण्यासारखं नेमकं काहीतरी असेल.

टप्पा ७: मुलाखतीत काय विचारायचं

"तुम्ही विरोध का करता?" हा प्रश्न विचारू नका. त्यावर भाषण मिळतं. शेवटची घटना विचारा: शेवटचं कधी दिवे दिसले, तेव्हा तुम्ही कुठे होता, किती वाव पाण्यात, जाळं टाकलेलं होतं का, काय केलंत, कुणाला फोन लावला, कोणी उचलला, मग काय झालं. फोन कुणाला लावला, या प्रश्नावर थांबा. तक्रारीची साखळी इथेच उलगडते, आणि ती कुठे तुटते तेही.

न केलेल्या गोष्टीही विचारा. "असं काही करायचं ठरलं आणि मग केलं नाही, असं झालं का?" मागे घेतलेलं उपोषण, मिटवलेला तंटा, गावच्या बैठकीत झालेला समझोता हे सगळं लढ्याचा भाग आहे.

बोली बदलू नका. मालवणीत सांगितलं तर मालवणीतच उतरवा आणि माशांची नावं त्यांनी सांगितली तशीच ठेवा. रत्नागिरीतली सुरमई दक्षिणेकडे इसवण होते. वहीच्या मागे तालुक्यागणिक नावांची यादी करा, नाहीतर एकाच माशाचे दोन आकडे धरून बसाल.

टप्पा ८: "मासळी संपली" हे वाक्य कसं तपासायचं

मच्छीमार सांगतो की एलईडीमुळे मासळी संपली. तुम्ही ते सांगणं जसंच्या तसं नोंदवा, पण स्वतःचा निष्कर्ष म्हणून लिहू नका. तारली आणि बांगडा हे मासे पाण्याचं तापमान आणि खाद्य यांप्रमाणे वर्षावर्षाला खूप वर-खाली होतात. एका वाईट हंगामावरून काही सिद्ध होत नाही. पर्ससीनच्या बाजूचा जाणकार नेमकं इथेच बोट ठेवील आणि तुमच्याबरोबर मच्छीमारांचीही बाजू पाडील.

संशोधन संस्थेचे वार्षिक अंदाज राज्यवार आणि जातीवार असतात. तुमच्या एका बंदराचा आकडा त्यातून निघत नाही. शिवाय एकूण उतारा वाढलेला असू शकतो आणि तरी छोट्या होडीच्या वाट्याला काही नसतं. मुद्दा वाटपाचा आहे. तेव्हा प्रश्न असा बदला: तेवढीच मासळी आता कुणाच्या बोटीत जाते? यासाठी सोसायटीच्या डिझेलच्या वह्या पाहा. समुद्रात जायचे दिवस आणि डिझेल तेवढंच असून विक्री घटत असेल, तर तो बोलका पुरावा आहे. पाच-सहा होड्यांचे, तीन हंगामांचे हिशोब मिळाले तरी पुष्कळ.

तपासा: प्रत्येक दाव्याला दोन वेगळ्या प्रकारचे आधार आहेत का? दोन मुलाखती म्हणजे दोन आधार नव्हेत, ते दोघे एकाच सभेतून आलेले असू शकतात. एक मुलाखत आणि एक कागद, किंवा एक कागद आणि एक प्रत्यक्ष नोंद असं हवं.

टप्पा ९: छापण्याआधी गावात वाचून दाखवा

मसुदा सोसायटीच्या कार्यालयात मराठीतून मोठ्याने वाचा. पीडीएफ पाठवून "प्रतिक्रिया कळवा" म्हणू नका, कुणी कळवत नाही. बायकांसाठी वेगळी बैठक घ्या, कारण मोठ्या सभेत त्या बोलत नाहीत. तपशिलाच्या चुका तिथेच निघतात आणि ज्याला धोका वाटतो तो आपलं वाक्य काढून घेतो. काढायचं म्हटलं की काढा, कितीही चांगलं असलं तरी. निष्कर्ष मात्र तुमचा आहे. सोसायटीला एखादा परिच्छेद आवडला नाही आणि त्यामागे पुरावा पक्का असेल, तर त्यांचं म्हणणं शेजारी छापा, परिच्छेद ठेवा.

माहिती अधिकारात मिळालेल्या सगळ्या कागदांचा एक संच सोसायटीला द्या. त्यात दंड ठोठावल्याची आणि वसुलीची यादी वर ठेवा, कारण पुढच्या सुनावणीला तिचाच उपयोग होतो. ऑडिओ मात्र देऊ नका. तो ज्याचा आहे त्याला, त्याच्याच हातात द्या. घटनाक्रमाच्या तक्त्याची एक कोरी प्रत सेक्रेटरीकडे ठेवा आणि रकाने कसे भरायचे ते एका तरुण पोराला नाहीतर पोरीला बसून शिकवा, म्हणजे १ ऑगस्टला होड्या पाण्यात उतरल्या की पहिल्याच काळोखाची नोंद गावातल्या माणसाच्या हातून होईल.